खुणेचा दिवा : तो कसा लावावा, कसा विझवावा

सुरतेच्या व्यापारात मालाइतकेच महत्त्व मालावरील खुणेला आहे. इ. स. १६१३ मध्ये इंग्रजांची वखार या शहरी स्थापन झाली. त्यांच्या कंपनीचे गठ्ठे हृदयाच्या आकृतीतील आद्याक्षरांवरून आणि त्या आकृतीच्या माथ्यावरील चाराच्या आकड्यासारख्या चिन्हावरून ओळखले जात. आज रिंगरोडच्या मार्केटांतून बाहेर पडणाऱ्या पार्सलांवरही पेढीची खूण, पार्सलाचा क्रमांक आणि गावाचे नाव लिहिलेले असते. शेकडो पार्सले एकाच आकाराची, एकाच प्रकारे शिवलेली. हमाल त्यांतील एक उचलतो तो केवळ खुणेच्या भरवशावर. खूण चुकली तर मालात काडीचा दोष नसतानाही सौदा बिघडतो. ही गोष्ट आपणां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावी लागत नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत प्रत्येक पेढीत एक नवे कपाट आले आहे आणि त्या कपाटातील वस्तूंच्या खुणांकडे आपले तितकेसे लक्ष नाही. आम्ही सर्व्हर, स्विच आणि त्यांना जोडणाऱ्या केबलींच्या कपाटाविषयी बोलत आहोत. दि. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठविताना सामान्यतः ई-वे बिल काढावे लागते. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक आहे अशा पेढ्यांना दि. १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधील बिलेही ई-इन्व्हॉइसच्या पद्धतीने नोंदवावी लागतात. अर्थात नेटवर्क तुटले की बिल थांबते आणि बिल थांबले की भरलेला टेम्पो मार्केटच्या दारातच उभा राहतो. हिऱ्याच्या धंद्यातील बांधवांची स्थिती निराळी नाही. खजोद येथील ज्या सुरत डायमंड बोर्सचे उद्‌घाटन दि. १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले, त्या एका संकुलात चार हजारांहून अधिक कार्यालयांची सोय आहे. तेथे किती केबली कोठून कोठे गेल्या असतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा कपाटासमोर उभा राहिलेला तंत्रज्ञ एक केबल काढू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे हमालाचाच प्रश्न असतो : यांतील नेमकी कोणती? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक लहानसा दिवा नेटवर्क कार्डावर असतो. तो दिवा लावण्याचे व विझविण्याचे काम ज्या प्रोग्रॅमकडे असते, त्याने ते कसे पार पाडावे, हे या लेखात सांगण्याचे योजिले आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यातील न्याय व्यापाऱ्यास परिचित आहे, असे वाचकांस दिसून येईल.

नाव एक, जागा दुसरी

नेटवर्क कार्ड म्हणजे संगणकात बसविलेली ती पट्टी, जिच्या मागील तोंडात केबल खोचतात. त्या तोंडास पोर्ट म्हणतात. घरच्या संगणकास एकच पोर्ट असतो, म्हणून तेथे प्रश्नच उद्‌भवत नाही. सर्व्हरवर मात्र चार, सहा, आठ पोर्ट असणे नित्याचे आहे. त्यांपैकी एक इंटरनेटकडे जातो, एक दुकानाच्या बिलिंगकडे, एक गोदामाकडे, आणि एखादा दुसऱ्या यंत्रावर हिशेबाची प्रत पाठविण्यासाठी राखलेला असतो.

संगणक या पोर्टांना स्वतःची नावे देतो. ज्या लिनक्स प्रणालीवर जगातील असंख्य सर्व्हर चालतात, तिच्यात पूर्वी ईथ-झिरो, ईथ-वन अशी क्रमवार नावे असत. हा क्रम पोर्ट सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असल्यामुळे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर, किंवा नवे कार्ड बसविल्यावर, तो बदलण्याचा संभव असे. इ. स. २०१३ पासून कार्ड यंत्रात कोठे बसले आहे यावरून नाव ठरविण्याची रीत प्रचारात आली आणि नावे स्थिर झाली. तरीही मूळ अडचण पुष्कळशी शिल्लक राहिली. चार तोंडांच्या कार्डावर पहिला पोर्ट डावीकडून मोजावा की उजवीकडून, वरून की खालून, हे कार्ड बनविणाऱ्याच्या मर्जीवर असते. प्रत्येक पोर्टास अठ्ठेचाळीस बिटांचा स्वतंत्र मॅक पत्ताही असतो. परंतु तो वाचायचा तर बहुधा पट्टी बाहेर काढावी लागते, आणि पट्टी काढणे म्हणजे चालू धंदा बंद करणे होय.

पोर्टाजवळ सामान्यतः दोन बारीक एलईडी दिवे असतात. केबल जोडलेली असून पलीकडचे यंत्र जिवंत आहे, हे एक सांगतो. माहितीची ये-जा चालू आहे, हे दुसरा सांगतो. कामाच्या वेळी हे दिवे अखंड लुकलुकत असतात. त्या गर्दीत एखादा पोर्ट नुसता पाहून ओळखणे म्हणजे दिवाळीच्या रात्री दुरून आपल्या घराची पणती ओळखण्यासारखे आहे.

यावर उपाय असा काढला गेला की, यंत्रावर बसलेल्या माणसाने पोर्टाचे नाव सांगून आज्ञा करावी आणि त्या पोर्टाच्या दिव्याने ठरावीक लयीने उघडझाप करून ‘मी येथे आहे’ असे सांगावे. लिनक्समध्ये इथटूल नावाच्या साधनात ही सोय आहे. किती सेकंद दिवा लुकलुकावा हे आज्ञेतच सांगता येते. काहीच न सांगितल्यास, माणूस थांबवीपर्यंत तो लुकलुकत राहतो. ही आज्ञा देण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकासच असतो, आणि तेही योग्यच आहे.

ड्रायव्हरचे काम

प्रणालीचा जो गाभा असतो, त्यास कर्नेल म्हणतात. कर्नेलास प्रत्येक कंपनीच्या कार्डाची अंतर्गत रचना ठाऊक नसते. त्यामुळे कर्नेल आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. दोन प्रांतांच्या व्यापाऱ्यांमध्ये दलाल जे करतो, तेच तो करतो : एका बाजूची मागणी दुसऱ्या बाजूच्या भाषेत सांगतो आणि उत्तर परत आणतो. दिवा लावण्याची आज्ञाही याच मार्गाने कार्डापर्यंत पोहोचते.

काम क्षुल्लक वाटते खरे. दिवा लावा, थांबा, विझवा, पुन्हा थांबा. सांगितलेला वेळ संपला की परत या. आरंभी ड्रायव्हर याच रीतीने लिहिले जात, आणि याच रीतीत एक मोठा दोष दडलेला होता.

कर्नेलामध्ये नेटवर्कच्या मांडणीत कोणताही फेरफार करावयाचा असेल तर आधी एक कुलूप हाती घ्यावे लागते. त्यास आरटीएनएल असे नाव आहे. दोघांनी एकाच वेळी मांडणी बदलून गोंधळ करू नये, हा त्याचा हेतू. दिव्याची आज्ञा आली की हे कुलूप घेतले जाई आणि ड्रायव्हर दिवा लुकलुकवीत बसे तोवर ते त्याच्याकडेच राही. कल्पना करा की, पेढीच्या वह्यांच्या कपाटाची एकुलती एक किल्ली कमरेला लावून मुनीमजी गोदामात गेले आहेत आणि तेथे कंदील हलवून ‘पार्सल इकडे आहे’ असे दाखवीत उभे आहेत. कंदील हलविण्यास किल्लीची मुळीच गरज नाही. परंतु ते परत येईपर्यंत इकडे एकही नोंद होऊ शकत नाही.

नेटवर्कचे असेच होई. आधीपासून चालू असलेली माहितीची ये-जा तशीच चालू राही. परंतु मार्ग बदलणे, नवा पोर्ट चालू करणे, नव्याने जोडलेले उपकरण ओळखणे ही सर्व कामे रांगेत अडकून पडत. आणि दिवा लुकलुकत असतो कोणत्या वेळी? काहीतरी बिघडले आहे आणि माणूस कपाटाशी शोध घेत आहे, नेमक्या त्याच वेळी. बंद पडलेल्या मार्गाऐवजी दुसरा मार्ग धरण्याची गरज त्याच घटकेस सर्वांत अधिक असते. मदतीसाठी लावलेला दिवाच मदतीच्या आड यावा, असा हा प्रकार होता.

इ. स. २०११ मधील सुधारणा

इ. स. २०११ मध्ये बेन हचिंग्ज यांनी ही पद्धत बदलली. त्यांनी मांडलेला विचार साधा होता : वाट पाहण्याचे काम ड्रायव्हरकडून काढून घ्यावे आणि ते कर्नेलाने स्वतःकडे ठेवावे. ड्रायव्हरला केवळ दिव्याची अवस्था बदलण्याची आज्ञा मिळावी. ती त्याने तत्काळ पाळावी आणि परत यावे. कुलूप फक्त त्या आज्ञेपुरते घेतले जावे. दोन आज्ञांमधील वेळात ते इतरांसाठी मोकळे असावे. कालांतराने सर्व ड्रायव्हर नव्या रीतीने लिहिले गेले आणि जुनी रीत काढून टाकण्यात आली.

नव्या रीतीत ड्रायव्हरला चारच आज्ञा येतात. पहिली ‘सिद्ध हो’, दुसरी ‘लाव’, तिसरी ‘विझव’ आणि चौथी ‘पूर्ववत कर’. ‘सिद्ध हो’ या आज्ञेला ड्रायव्हर जे उत्तर देतो, त्यावर पुढचा व्यवहार ठरतो. कार्डातच लुकलुकण्याची शक्ती असेल तर ड्रायव्हर कार्डाला सुरुवात करून देतो आणि शून्य हा आकडा परत करतो. त्याचा अर्थ, ‘आता आमचे कार्ड स्वतः पाहून घेईल, वेळ संपल्यावर तेवढे सांगा.’ कार्डात ती शक्ती नसेल तर ड्रायव्हर सेकंदाला किती वेळा उघडझाप व्हावी तो आकडा परत करतो. त्याने दोन सांगितले तर एका सेकंदात दोनदा लावणे व दोनदा विझविणे आले. म्हणून कर्नेल त्यास सेकंदाला चार वेळा, म्हणजे दर पाव सेकंदाने, आज्ञा देतो. ज्या कार्डास यांतील काहीच शक्य नाही, त्याच्या ड्रायव्हरने स्पष्ट नकार कळवावयाचा असतो.

लिनक्सची संहिता सर्वांस खुली असल्यामुळे हे व्यवहार प्रत्यक्ष पाहता येतात. ब्रॉडकॉमच्या गिगाबिट कार्डांचा टीजी-थ्री हा ड्रायव्हर सेकंदाला एक उघडझाप मागतो. इंटेलचा ई-वन-थाउजंड-ई हा ड्रायव्हर, कार्डात स्वतः लुकलुकण्याची सोय असल्यास काम त्याच्यावर सोपवितो आणि नसल्यास सेकंदाला दोन उघडझापा मागतो. एकाच दलालाने दोन प्रकारच्या आडत्यांशी दोन रीतींनी वागावे, तसेच हे आहे.

चांगल्या ड्रायव्हरची लक्षणे

वरील विवेचनावरून चांगल्या ड्रायव्हरची काही लक्षणे सहज निघतात.

पहिले लक्षण, त्याने दिव्यापाशी वाट पाहत थांबू नये. आज्ञा पाळून लगेच परत येणे हा त्याचा धर्म. वेळेचा हिशेब ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच तो असू द्यावा.

दुसरे लक्षण, दिवा हाती घेण्यापूर्वीची त्याची अवस्था त्याने जाणून असावे आणि काम संपताच ती जशीच्या तशी परत द्यावी. हे लक्षण आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. एरवी हा दिवा जोडणीची व रहदारीची खबर देत असतो. खुणेपुरता तो उसना घेतलेला असतो. काम झाल्यावर तो विझलेलाच राहिला, तर पुढे येणारा माणूस चालू केबल मृत समजून काढून टाकील. तो पेटलेलाच राहिला, तर मृत केबल जिवंत समजली जाईल. उसनी वस्तू परत न करणे हा व्यापारात जसा दोष, तसाच तो येथेही आहे. वर उल्लेखिलेला टीजी-थ्री ड्रायव्हर दिव्यांच्या नियंत्रणाची मूळ नोंद जपून ठेवतो आणि शेवटच्या आज्ञेसरशी तीच पुन्हा कार्डात लिहितो. माणसाने शोध मध्येच थांबविला तरीही कर्नेल ही शेवटची आज्ञा पाठवितोच. ड्रायव्हरने ती कधीही हलक्याने घेऊ नये.

तिसरे लक्षण, उघडझाप रहदारीच्या लुकलुकण्याहून निराळी दिसावी. रहदारीचा दिवा अनियमितपणे थरथरतो. खुणेचा दिवा संथ व समान लयीचा असावा. समुद्रकाठच्या दीपगृहांना ठरावीक लय असते आणि खलाशी तिच्यावरून दीपगृह ओळखतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. म्हणून लुकलुकण्याच्या काळापुरता दिवा रहदारीच्या ताब्यातून पूर्णपणे सोडवून घ्यावा लागतो. तसे न केल्यास दोन्ही लयी एकमेकींत मिसळून खूण पुसट होते.

चौथे लक्षण, दिव्याच्या पायी धंद्यास धक्का लागू नये. लुकलुकत असताना पोर्टाची जोडणी तुटता कामा नये, आणि शेजारच्या पोर्टाचा दिवाही हलता कामा नये. केबल जोडलेली नसली तरी दिवा लागला पाहिजे. कारण रिकामे तोंड शोधण्यासाठीच पुष्कळदा ही सोय वापरली जाते. वीज वाचविण्यासाठी कार्ड झोपी गेलेले असेल तर आधी त्यास जागे करावे लागते. एका पोर्टाचा शोध चालू असताना त्याच पोर्टासाठी दुसरी आज्ञा आली, तर कर्नेल ‘सध्या काम चालू आहे’ असे सांगून तिला परत पाठवितो. दोघांनी एकच कंदील दोन बाजूंस ओढू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

पाचवे लक्षण, जे शक्य नाही ते शक्य असल्याचा आव आणू नये. अलीकडे एका सर्व्हरमध्ये अनेक काल्पनिक संगणक चालविण्याची रीत आहे. त्यांची नेटवर्क कार्डेही काल्पनिक असतात, त्यांना दिवा कोठून असणार? अशा कार्डाच्या ड्रायव्हरने ‘ही सोय नाही’ असे सांगणेच योग्य. त्याने ‘झाले’ असे खोटे उत्तर दिले, तर कपाटासमोर उभा असलेला माणूस न लागलेला दिवा शोधीत राहील, आणि अखेर कंटाळून रहदारीने लुकलुकणाऱ्या एखाद्या दिव्यालाच खूण समजेल. खोट्या होकारापेक्षा खरा नकार स्वस्त पडतो, हा अनुभव बाजारात कोणास नाही?

पेढीत काय करावे

ड्रायव्हर लिहिणे हे आपले काम नव्हे. परंतु कपाट आपले आहे आणि नुकसानही आपलेच आहे. म्हणून सभासद बांधवांनी आपल्या तंत्रज्ञाकडून चार गोष्टींचा आग्रह धरावा.

नवा सर्व्हर पेढीत आला की काम सुरू करण्यापूर्वीच प्रत्येक पोर्टाचा दिवा एकदा लावून पाहावा आणि कोणते नाव कोणत्या तोंडाचे आहे याचा नकाशा कपाटाच्या दारास आतून चिकटवावा. ज्या यंत्रांवर दुसरी प्रणाली आहे, त्यांच्यासाठी काही कार्ड-उत्पादकांची स्वतंत्र साधने असतात. ती उपलब्ध आहेत काय, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. काही कार्डांत हा दिवाच नसतो, हेही तेव्हाच कळेल.

केबल काढण्याचा प्रसंग आल्यास दोन माणसे असावीत : एक यंत्राच्या पडद्यापाशी, एक कपाटापाशी. दिवा दिसला म्हणून लगेच हात घालू नये. पडद्यावरील माणसाने दिवा थांबवावा. कपाटाजवळच्याने ‘थांबला’ असे सांगावे. पुन्हा लावावा, पुन्हा ‘लागला’ असे सांगावे. लावल्यावर लागणारा आणि थांबविल्यावर थांबणारा दिवाच आपला, एवढी कसोटी पुरेशी आहे. या तपासाला मिनिटभरही लागत नाही.

तसेच हेही ध्यानात ठेवावे की, सर्व्हरवरील दिवा केबलीच्या एकाच टोकाची साक्ष देतो. तिचे दुसरे टोक स्विचच्या कोणत्या तोंडात गेले आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी केबलीच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. पार्सलावर व बिल्टीवर एकच क्रमांक घालण्याची सवय असलेल्या पेढीस हे जड जाऊ नये.

हाच नियम हिशेब साठविणाऱ्या डिस्कांनाही लागू आहे. अनेक सर्व्हरांत प्रत्येक डिस्कच्या खणाला असाच खुणेचा दिवा असतो. अनेक डिस्कांवर मिळून हिशेब साठविलेला असताना एक डिस्क बिघडली आणि बदलताना चुकून तिच्या शेजारची चांगली डिस्क बाहेर काढली, तर बिघाड झेलण्याची उरलीसुरली शक्तीही जाते आणि वर्षानुवर्षांच्या वह्या धोक्यात येतात. तेथे तर दिव्याची खात्री दुप्पट सावधपणे करावी.

समारोप

आपल्या आचारशास्त्रात पाच समिति सांगितल्या आहेत. त्यांपैकी आदाननिक्षेपण समिति वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहून, जपून हालचाल करण्यास शिकविते. तिचा मूळ हेतू सूक्ष्म जीवांची रक्षा हा आहे आणि तिचे संपूर्ण पालन साधु-साध्वींसाठी आहे; त्या व्रताची आणि यंत्राच्या व्यवहाराची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि गृहस्थ व्यापाऱ्याने तिच्यातून एवढा बोध घेण्यास हरकत नसावी की, हात घालण्याआधी पाहावे आणि पाहिलेले खरे आहे याची खात्री करावी. भाषा समितीचा बोध, म्हणजे मोजके व सत्य बोलावे, हाही ड्रायव्हरच्या उत्तरास शोभून दिसतो.

मोहरीएवढ्या एका दिव्यावर इतके विवेचन कशासाठी, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर एवढेच की, ज्या दिव्याच्या भरवशावर माणूस चालू धंद्याची केबल हातात धरतो, तो दिवा योग्य जागी लागला पाहिजे, इतरांची वाट न अडविता लागला पाहिजे, आणि काम संपताच आपल्या मूळ कामावर परत गेला पाहिजे. असे दिवे लावणारे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे दूर देशी बसलेली असतात आणि त्यांची आपली गाठ कधी पडत नाही. त्यांनी आपले काम सचोटीने केले तर आपल्या दारातील टेम्पो वेळेवर निघतो. आपल्या बाजूचे उरलेले काम, म्हणजे चिठ्ठी, नकाशा आणि मिनिटभराचा धीर, आपण सचोटीने करावे, एवढीच सर्व सभासद बंधु-भगिनींस विनंती आहे.

जय जिनेंद्र.